नोकरी शोधताना

आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण करून चाकण, रांजणगाव, बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम शोधणाऱ्या तरुणांशी आज बोलू या.

अर्जावर स्वतःचाच मोबाइल नंबर लिहा आणि नोकरी लागेपर्यंत तो बदलू नका. मुलाखतीला जाणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी तसं कळवा. तुमच्यासाठी कुणीतरी वेळ राखून ठेवलेला असतो. मुलाखतीत जे येत नाही ते येतं म्हणू नका. व्हर्नियर कॅलिपर वापरता येतो म्हणालात, तर तो हातात देऊन माप घ्यायला लावतात. ‘हे काम केलेलं नाही, पण शिकेन’ हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि नवख्या उमेदवाराला ते शोभतंही. पगार, पाळी, पीएफ याबद्दल जरूर विचारा. त्यात संकोच कसला?

आता सर्वांत महत्त्वाचं. नोंदणी, गणवेश, अनामत अशी कारणं सांगून कुणी आधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. घरच्यांनी दागिने गहाण ठेवून दिलेले पैसे असे बुडतात, तेव्हा फार वाईट वाटतं. मूळ प्रमाणपत्रं फक्त दाखवा; द्यायच्या त्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स. परदेशातली नोकरी असेल, तर एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. आणि ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका; ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.