गोळी हृदयाची, जागरूकता मनाची



आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोहोंना सामावणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकमध्ये स्थापन झाले. या नगरीतील अनेक घरांत आज कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी नित्याची झाली आहे. तिच्याविषयी भीतीही आहे आणि बेफिकिरीही.

जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन गवसले. हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका ते घटवते, हे सिद्ध झाले आहे. परंतु शरीरातील सुमारे एक पंचमांश कोलेस्टेरॉल मेंदूत असते. मग बुद्धी मंदावणार नाही ना, ही शंका स्वाभाविकच. मेंदू मात्र आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. मोठ्या चाचण्यांत स्मरणशक्तीचा ऱ्हास आढळलेला नाही.

तरीही काही रुग्णांना विस्मरण वा गोंधळ जाणवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घातली. हा त्रास सहसा गंभीर नसतो आणि औषध थांबवल्यावर ओसरतो, असेही सांगितले. चिडचिड, उदासीनता यांच्या तक्रारींना मोठ्या चाचण्यांचा दुजोरा मिळालेला नाही.

धी, धृती आणि स्मृती ढळल्याने घडणाऱ्या अनुचित कृतीला चरकसंहिता प्रज्ञापराध म्हणते. ऐकीव गोष्टींवरून गोळी परस्पर बंद करणे हा प्रज्ञापराधच. वडीलधाऱ्यांची तक्रार ‘वय झाले’ म्हणून उडवून लावणे हाही. गोळी केव्हा सुरू झाली, बदल केव्हा दिसला, हे घरच्यांनी लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे. मात्रा वा औषध बदलण्याचा निर्णय त्यांचा. लक्ष ठेवण्याचे कर्तव्य कुटुंबाचे.