पाचटातील साखर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



ऊसतोड झाली की आपल्या कळंब्याच्या आसपास पाचट पेटते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख येऊन पडते. चिपाड निदान गुऱ्हाळाच्या चुलवाणात तरी जाते. पाचट मात्र फुकट जळते. त्या पाचटात साखर असते असे म्हटले तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. मी पडलो बी. ए. झालेला भाषेचा शिक्षक!

पण ते खरे आहे. मळीतील साखर यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारी सूक्ष्म बुरशी, सहज खाते आणि इथेनॉल तयार करते. पाचटातील साखर साखळ्यांत गुंफलेली व लिग्निनने जखडलेली असते. उष्णतेने किंवा आम्लाने ती पकड सैल करायची, मग एन्झाइमांनी साखळ्या तोडायच्या. एवढा खटाटोप करून मुख्यतः दोन साखरा हाती येतात, ग्लुकोज आणि झायलोज; आणि आपले यीस्ट झायलोजला तोंडही लावत नाही! अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात डॉ. नॅन्सी हो यांनी १९९३ साली दुसऱ्या जातीच्या यीस्टमधील दोन जनुके त्यात घातली, त्याचे स्वतःचे एक जनुक अधिक जोमाने चालेल असे केले, आणि ते दोन्ही साखरा खाऊ लागले.

पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर पानिपतला उभारलेला कारखाना २०२२ साली राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी ती योजना. खर्च मात्र मळीच्या इथेनॉलपेक्षा जास्त येतो. ते कोडे तुमच्यापैकी कुणीतरी सोडवायचे आहे.

एका मातेने मला विचारले, "सर, पोरगी मायक्रोबायॉलॉजी घ्यायची म्हणतीया. ते दारू गाळायचंच शिक्षण न्हवं?" प्रश्न रास्त होता. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच, हे मी लपवले नाही. पण हे पेट्रोलमध्ये मिसळून गाडीच्या टाकीत जायचे. मग मी विचारले, "सासूबाई रोज इन्सुलिन टोचून घेतात ना? तेही जनुक बदललेल्या यीस्टकडून किंवा जिवाणूंकडूनच करून घेतात."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिच्या अब्बांना हे तुम्हीच येऊन सांगा."

मी गेलो. दोन तास बसलो, तीन कप चहा झाला. शिवाजी विद्यापीठात हा विषय पुढे एम. एस्सी.पर्यंत शिकता येतो, हेही सांगितले. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.