नांव एकीचें, पाणी दोघींचें

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पांच नद्यांचा उगम एकत्र मानिला जातो. एका माहेरच्या या बहिणींच्या वाटा मात्र निराळ्या. सावित्री कोंकणांत उतरून पश्चिम समुद्रास मिळते व पुन्हा बहिणींना भेटत नाहीं. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेंत येते. कोयना सह्याद्रीच्या कडेनें दूर दक्षिणेकडे जाते, हेळवाकाजवळ पूर्वेस वळते आणि कराडास कृष्णेच्या अगदीं समोरून येऊन तिला मिळते. बहुतेक नद्यांचे संगम तिरके; येथें दोन प्रवाह एकमेकांस सामोरे येतात. या स्थळाला प्रीतिसंगम म्हणतात तें याचमुळें.

संगमाच्या पुढें त्या नदीला कोणी कोयना म्हणत नाहीं. नांव कृष्णेचें राहतें, पाणी दोघींचें असतें. माणसें भेटतात आणि आपापल्या वाटेनें परत जातात. संगम झालेलें पाणी निवडून वेगळें करतां येत नाहीं. एका प्रवाहाला नांव सोडावें लागतें, दुसऱ्याला आपल्या नांवाखालीं दोघांचें पाणी वाहून न्यावें लागतें. संगमाचा खरा अर्थ या दुसऱ्या जबाबदारींत आहे.

आणि एकदां झालेला संगम आपोआप टिकतो असेंहि नाहीं. कोयनेचें पुष्कळ पाणी आतां धरणांत अडवून बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरविलें जातें. त्यावर पोफळीस वीज होते व तें पाणी वाशिष्ठीच्या वाटेनें समुद्रास जातें. वर काय घडतें, यावर खालचा संगम अवलंबून असतो.

भाषेंतहि हाच न्याय. मराठी हें नांव एक. परंतु अण्णा आणि अक्का हीं कानडीकडून आलीं, कागद, जमीन, वकील, बाजार हे शब्द फारसीच्या द्वारें आले, आणि पाव, बटाटा, पगार पोर्तुगीजांनीं दिले. मात्र बाहेरचें पाणी स्वतःचें पात्रच बुडवूं लागलें, तर तो संगम नव्हे, पूर होय. शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करवून राज्यकारभारांतील सुमारें १४०० शब्दांना संस्कृत पर्याय देवविले, तें या पुराला घातलेले बांधच होते. पुढें लोकांनीं दोहोंकडचें राखिलें. पेशवा हें फारसी पदनाम इतिहासांत रुजलें, आणि त्याचा पर्याय पंतप्रधान हा आज दिल्लींतील सर्वोच्च मंत्रिपदासाठीं मराठींत चालतो.

राजकारणांतील संगम याहून कठीण. पाण्याला मानापमान नसतो, माणसांना असतो. १९५६ सालीं मध्यप्रदेशांतून विदर्भ आणि हैदराबादेंतून मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आले, व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे कराडचे. त्यांची समाधि प्रीतिसंगमावरच आहे. या संगमांतहि कोणी तरी नांव सोडलें होतें. १९५५ सालीं राज्य पुनर्रचना आयोगानें विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली होती. तें राज्य झालें नाहीं; विदर्भाचें पाणी महाराष्ट्राच्या नांवानें वाहूं लागलें.

त्याचा मोबदला २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत आधींच लिहिला गेला होता : खर्चांत व सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा, आणि वर्षांतून एकदां नागपुरास विधिमंडळाचें अधिवेशन. तरीहि १९८४ सालीं दांडेकर समितीला प्रदेशाप्रदेशांतील विकासाचा अनुशेष मोजावा लागला. १९९४ सालीं विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठीं वैधानिक विकास मंडळें स्थापन झालीं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली.

नागपुरास अधिवेशन भरणें म्हणजे वांटा पोहोंचणें नव्हे. एक नांव धारण करण्यास एक दिवस पुरतो. त्या नांवाखालीं आलेल्या प्रत्येक प्रवाहाचा हिशेब मात्र वर्षानुवर्षें ठेवावा लागतो. ज्यानें नांव सोडलें, त्याला आपल्या पाण्याची आठवण करून द्यावी लागूं नये. ती ज्याचें नांव राहिलें त्यानेंच ठेवावी. संगमाची अट एवढीच आहे.