जुन्या लॅपटॉपचा घरगुती सर्व्हर

दिवसरात्र चालू राहणारा आणि मागणी येताच दुसऱ्या यंत्रांना माहिती किंवा सेवा पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. त्यासाठी वातानुकूलित खोली लागत नाही. कपाटात पडून असलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप घरातले फोटो, कागदपत्रे आणि गाणी सांभाळायला पुरतो. त्यावर घालायची लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतला. आज तो मोबाइलपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र चालतो.

पहिला हिशोब विजेचा. फारसे काम नसताना लॅपटॉप १५ वॅट वीज घेतो असे धरले, तर महिन्याला ११ युनिटांच्या आत भागते. जुना डेस्कटॉप ८० वॅट घेत असेल, तर तोच आकडा ५८ युनिटांच्या घरात जातो. लॅपटॉपचा दुसरा फायदा बॅटरीचा. वीज गेली तरी यंत्र बंद पडत नाही आणि लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहत नाही. मात्र चोवीस तास चार्जरवर राहिलेली बॅटरी लवकर खराब होते. ज्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे, तिथे ती वापरावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर यंत्र ताबडतोब बंद करून ती बदलून घ्यावी. सर्व्हर चालू आणि राउटर बंद, अशा स्थितीत कोणालाच काही मिळत नाही. म्हणून राउटरलाही छोटा यूपीएस लावावा. यंत्र कपाटात कोंडू नये. हवा खेळती राहील आणि पावसाळ्यात भिंतीची ओल लागणार नाही, अशी जागा निवडावी.

लिनक्सच्या अनेक प्रकारांतून प्रणाली निवडताना नावीन्यापेक्षा स्थैर्य पाहावे. डेबियनची आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी येते आणि तिला एकूण पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलाही पाच वर्षे मिळतात. खिडक्या-चिन्हांचा डेस्कटॉप सर्व्हरवर घालू नये. त्याने मेमरी अडते. सुरक्षा सुधारणा आपोआप बसतील, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. लॅपटॉपचे झाकण मिटताच लिनक्स यंत्राला झोपवते. सिस्टमडीच्या लॉगइन-व्यवस्थेच्या फाइलमध्ये झाकणाकडे दुर्लक्ष करण्याची ओळ आहे, ती लागू करावी. राउटरमध्ये सर्व्हरसाठी एकच पत्ता राखून ठेवावा, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर सर्व्हर कुठे गेला, हे शोधत बसावे लागते.

पुढे सर्व्हरवरचे काम दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने केले जाते. तिथे पासवर्डऐवजी किल्ली वापरावी. किल्लीचे दोन भाग असतात: खाजगी भाग स्वतःच्या संगणकावर राहतो, सार्वजनिक भाग सर्व्हरवर जातो. क्रम इथे महत्त्वाचा. आधी किल्ली बसवावी. मग पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येते का, ते पाहावे. ते जमल्यावरच पासवर्डने येण्याचा मार्ग आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा थेट प्रवेश बंद करावा. बदल लागू केल्यावर पुन्हा एकदा दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन पाहावे आणि मगच पहिली मिटावी. हा क्रम चुकला, तर सर्व्हरचा मालकच दाराबाहेर राहतो.

सेवांपैकी फोटोंसाठी इमिच, फायली आणि कॅलेंडरसाठी नेक्स्टक्लाउड, गाणी-चित्रपटांसाठी जेलीफिन ही नावे परिचित आहेत. फोटोंमधले चेहरे ओळखण्याचे काम करायचे, तर ८ जीबी रॅम बरी. एका वेळी एकच सेवा बसवावी, ती महिनाभर वापरावी आणि मग दुसरी घ्यावी. ईमेलचा सर्व्हर मात्र घरी चालवू नये. घरगुती पत्त्यावरून निघालेली पत्रे मोठ्या मेलसेवा बहुधा नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात.

या सेवा बहुतेक वेळा डॉकरच्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालतात. त्यात एक खाच आहे. उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावून सगळी दारे बंद केली, तरी डॉकरने उघडलेले पोर्ट उघडेच राहते, कारण डॉकर स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूला वळसा घालून लिहितो. सेवा फक्त त्याच यंत्रापुरती हवी असेल, तर पोर्टच्या आकड्याआधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहावा. फायरवॉलची खरी परीक्षा त्याच यंत्रावर बसून होत नाही. दुसऱ्या संगणकावरून दार ठोठावून पाहावे.

बाहेरगावाहून घरचा सर्व्हर हवा असतो, तेव्हा राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा. एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला उघडले, की पासवर्ड ओळखू पाहणाऱ्या अनोळखी पत्त्यांची रांग नोंदवहीत दिसू लागते. त्याऐवजी वायरगार्डसारखा खाजगी बोगदा वापरावा. २०२० साली तो लिनक्सच्या कर्नलमध्येच सामील झाला. मात्र अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमध्ये असेल, तर हीच स्थिती आहे असे समजावे. तिथे वायरगार्डवरच उभे असलेले टेलस्केलसारखे साधन उपयोगी पडते, कारण त्यात घरातून बाहेर जाणारी जोडणीच पुरते.

सर्वांत मोठे काम बॅकअपचे. त्याचा नियम तीन, दोन, एक असा सांगतात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड पद्धत बॅकअप नव्हे. एका डिस्कवरून चुकून पुसलेला फोटो दुसरीवरूनही त्याच क्षणी जातो.

बॅकअप घेतानाच्या दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलणे. ती प्रत अर्धवट निघू शकते. आधी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने निर्यात काढावी आणि मग तिची प्रत घ्यावी. दुसरी चूक बाहेरच्या डिस्कची. केबल सैल होऊन डिस्क निसटली, तरी तिच्या नावाचा रिकामा फोल्डर सर्व्हरवर उरतो. रात्री बॅकअप त्यातच लिहिला जातो, मुख्य डिस्क भरते आणि सकाळी सगळ्या सेवा बंद पडलेल्या असतात. म्हणून बॅकअपच्या आज्ञावलीने सुरुवातीलाच डिस्क खरोखर जोडलेली आहे का, हे तपासावे आणि नसेल तर थांबावे. रेस्टिक आणि बोर्ग ही साधने प्रती कुलूपबंद करून ठेवतात, त्यामुळे घराबाहेरची प्रत सुरक्षित राहते. पण पासवर्ड हरवला, तर ती कोणालाच उघडता येत नाही. तो कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा.

याशिवाय एक वही ठेवावी. कोणती सेवा कुठे बसवली, कोणती फाइल कधी बदलली आणि का बदलली, हे तारखेसह लिहावे. दोन वर्षांनी यंत्र बदलताना ही वही हाताशी येते, आणि बसवणारी व्यक्ती घरी नसली तरी दुसऱ्याला निभावून नेता येते.

एकदा बसलेल्या सर्व्हरला महिन्याला अर्धा तास पुरतो. डिस्क किती भरली, ते पाहावे. 'स्मार्ट' या डिस्कच्या आरोग्य-तपासणीत निकामी होऊन बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर डिस्क बंद पडण्याची वाट न पाहता नवी आणावी. शेवटी बॅकअपमधून कोणताही एक जुना फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून पाहावा. तो उघडला, तरच बॅकअप आहे असे मानावे. ज्या घरात ही शेवटची तपासणी अजून झालेली नाही, तिथे ती येत्या रविवारीच करावी.