सर्पगंधेचे मूळ आणि प्रयोगशाळेची कसोटी

औषधी वनस्पतींविषयी बोलताना दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, विज्ञानाने त्यावर केवळ शिक्का मारावयाचा, असे एक मत. परंपरेने सांगितलेले सारे अंधश्रद्धेचे, प्रयोगशाळेत सिद्ध झाले तेवढेच खरे, असे दुसरे. या दोन्ही मतांची परीक्षा पाहावयाची असेल तर सर्पगंधा या एका लहानशा झुडपाचा इतिहास पुरेसा आहे.

सर्पगंधा ही हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, बंगाल, बिहार आणि पश्चिम घाटापर्यंत दमट सावलीत वाढणारी वनस्पती. तिची उंची सहसा कमरेच्या वर जात नाही. मराठीत हिला अडकई असेही नाव आहे. हिंदी प्रदेशात तिला छोटा चाँद म्हणतात; आणि बिहारमध्ये तिला मिळालेले 'पागल की दवा' हे नाव तर तिचा उपयोगच सांगून टाकते. सर्पदंश, निद्रानाश, उन्माद अशा विकारांवर तिचे मूळ पिढ्यान्‌पिढ्या दिले जात असे. शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. यातील पहिला शब्द सोळाव्या शतकातील आउग्सबुर्गचे वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ आहे.

लोकांनी दिलेल्या नावात माहिती असते, पण प्रमाण नसते. मूळ किती द्यावे, कोणत्या ऋतूत खणलेले द्यावे, एका जंगलातील मुळी दुसऱ्या जंगलातील मुळीइतकीच गुणकारी असते काय, या प्रश्नांची उत्तरे अनुभवी वैद्याच्या हातात असतात. तो हात नाहीसा झाला की उत्तरेही नाहीशी होतात. प्रयोगशाळेचे पहिले काम येथे सुरू होते.

दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी महाविद्यालयाचे संस्थापक हकीम अजमल खान यांना हे पटले होते. त्यांच्या प्रेरणेने जर्मनीत शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दीकी यांच्याकडे तेथील संशोधनाचे काम आले. अजमल खान 1927 साली निधन पावले. परंतु 1931 साली सलीमुझ्झमान आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून अनेक स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवर ही मुळी गुणकारी असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. म्हणजे एकाच वर्षी रसायनशास्त्राने पदार्थ हाती दिले आणि रुग्णचिकित्सेने गुण नोंदविला.

तथापि या दोहोंची गाठ पडावयास आणखी एकवीस वर्षे लागली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

मुळाची पूड मद्यार्कात भिजवून अर्क काढला आणि मद्यार्क उडवून लावला की एक चिकट, राळेसारखा अवशेष उरतो. त्यावर आम्लाची क्रिया केली की तीव्र अल्कधर्मी पदार्थ क्षाररूपाने पाण्यात उतरतात. रसायनशास्त्रज्ञ स्वाभाविकपणेच या पाण्याकडे पाहतो, कारण स्फटिक तेथे मिळतात. पण अजमलीन व त्याच्या सोबतच्या अल्कलॉइडांनी मुळीची निद्राकारक क्रिया पुरती उलगडेना. चाळीसच्या दशकात कलकत्त्यातील संशोधकांच्या ध्यानात आले, की ही क्रिया मागे राहिलेल्या राळेच्या भागात आहे. टाकून द्यावासा वाटणारा गाळच औषध होता.

या काळात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील ही मुळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देत होते. पन्नास रुग्णांवरील त्यांचा लेख 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष प्रथमच या झुडपाकडे वळले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा उपयोग सुरू केला. अखेर 1952 साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्या राळेतून रिसर्पीन वेगळे केले. ते फार सौम्य अल्कधर्मी असल्यामुळे इतर अल्कलॉइडांबरोबर पाण्यात न उतरता राळेतच अडकून राहत होते. या वेळी अर्काचा प्रत्येक भाग प्राण्यांना देऊन क्रिया कोणत्या भागात आहे हे पाहण्यात आले. स्फटिकांच्या मागे न जाता क्रियेच्या मागे जाणे, हीच वनस्पति-संशोधनाची गुरुकिल्ली होय.

पुढील घडामोडी वेगाने झाल्या. 1956 साली अमेरिकेतील वुडवर्ड यांनी रिसर्पिनाचे प्रयोगशाळेत संश्लेषण केले. 1957 साली डॉ. वकील यांना लास्कर पारितोषिक मिळाले. पण सर्वांत महत्त्वाचे फळ वेगळ्याच दिशेने आले. रिसर्पीन मज्जातंतूंच्या टोकांमध्ये साठविलेली नॉरअ‍ॅड्रेनलीन, डोपामीन व सेरोटोनीन ही द्रव्ये साठू देत नाही आणि ती कोठारे रिकामी होतात, हे उघडकीस आले. स्वीडनचे अरविद कार्लसन यांनी 1957 साली रिसर्पीन देऊन निश्चेष्ट केलेल्या सशांना एल-डोपा टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपामिनाचे स्वतंत्र कार्य आहे हे त्यातून कळले, कंपवाताच्या उपचाराचा मार्ग खुला झाला, आणि 2000 साली कार्लसन नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. उन्मादावर मुळी का चालते, याचे उत्तर परंपरेपाशी नव्हते. पण तो प्रश्न विचारण्याजोगा आहे हे परंपरेनेच सुचविले होते.

कसोटीचा दुसरा भाग अधिक कठोर आहे. औषध गुण देते म्हणून ते निर्दोष ठरत नाही. मोठ्या मात्रेत रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र विषण्णता आल्याचे पन्नासच्या दशकातच नोंदले गेले. हा संबंध मानला गेला होता तितका सरळ नाही, असे नंतरच्या परीक्षणांनी दाखविले. 1974 साली स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याची शंका प्रसिद्ध झाली. पुढील अभ्यासांत तिला पुष्टी मिळाली नाही, परंतु मधल्या काळात औषधाचा लौकिक ओसरला होता. अधिक सोयीची औषधेही आली होती. 'वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवी' हे विधान किती पोकळ आहे हे यावरून दिसते. एका मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्शाएवढी मात्रा ज्याची पुरते, त्या पदार्थात निरुपद्रवी असे काही नसते.

शेवटचा प्रश्न खुद्द वनस्पतीचा आहे. मुळीतील बहुतेक अल्कलॉइडे तिच्या सालीत असतात. पानाफुलांसाठी खुडलेले झाड पुन्हा फुटते. मुळासाठी खणलेले झाड मरते. मागणी वाढली तशी सर्पगंधा जंगलांतून झपाट्याने नाहीशी होऊ लागली. औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी 1959 साली देशात मध्यवर्ती संघटना स्थापन झाली, तीच पुढे लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था बनली. 1990 साली सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापारही सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आणण्यात आला. परंतु रोप दीड ते तीन वर्षे जमिनीत राहिल्यावाचून मूळ हाती येत नाही. एवढा काळ शेत अडवून ठेवणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. जंगलातून खणून आणणाऱ्याला मात्र ते एका दिवसाचे काम असते.

तेव्हा वनस्पतीचा गुण सिद्ध केला की प्रयोगशाळेचे काम संपत नाही, उलट तिची जबाबदारी वाढते. गुण सिद्ध होताच मागणी निर्माण होते, आणि मागणी निर्माण होताच ते झुडूप धोक्यात येते. कोणत्या वाणात रिसर्पीन अधिक आहे, कोणत्या जमिनीत ते लवकर तयार होते, मूळ न उपटता ते मिळविता येईल काय, हे शोधणे नव्या रेणूच्या शोधाइतकेच मोलाचे आहे. ज्या झुडपाने मेंदूचे एक गूढ उकलून दिले, ते राखता आले नाही तर पुढच्या पिढीतील संशोधकाला त्याची ओळख केवळ संग्रहालयातील वाळलेल्या फांदीवरून करून घ्यावी लागेल.