परीक्षक नववीतले हवेत

विंगेत मेकअप करून ताटकळलेल्या कलाकारांनो,

तुमचं नाटक माझ्यामुळे अडलंय याची मला कल्पना आहे. म्हणून एकाच पुस्तकाबद्दल बोलतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. मौज प्रकाशनाने २००४ साली काढलेली. तिच्यावरचा सिनेमा तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

माझं म्हणणं असं, की कुमारवयीन मुलांवरच्या अशा कादंबऱ्यांना साहित्यातला पहिल्या मानाचा पुरस्कार मिळायला हवा. ‘मुलांसाठी चांगलं आहे हो’ म्हणत त्यांना वेगळ्या पंगतीला बसवू नये.

का, ते सांगतो. ‘शाळा’तला मुकुंद जोशी नववीत आहे आणि देशात आणीबाणी चालू आहे. आणीबाणी म्हणजे काय, हे लेखकाला पुरतं ठाऊक आहे. पण वर्गातल्या शिरोडकरवर जीव जडलेल्या मुकुंदला त्याहून मोठा प्रश्न पडलाय : ती आज आपल्याकडे बघेल का? सुऱ्या, चित्र्या, फावड्या या मित्रांबरोबर अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून तो याच गोष्टींचा खल करतो. राजकारण त्याच्या कानावर पडतं ते मोठ्यांच्या बोलण्यातून, तुटक तुटक. लेखकाने इथे मुकुंदला शहाणं करून टाकलेलं नाही. त्याला समजत नाही ते न समजलेलंच ठेवलंय. चाळिशी उलटलेल्या माणसाने आपलं शहाणपण शेवटच्या पानापर्यंत गिळून धरायचं, ही फार अवघड कामगिरी आहे. प्रकाश नारायण संतांनी लंपन या मुलाच्या कथांत हेच केलं. ते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, आणि लिहिताना मात्र लंपनएवढेच.

आम्ही मोठी माणसं तुमचं पुस्तक हातात घेतलं की आधी बोध शोधतो. (पालकांनी रागावू नये, मीही पालक आहे.) ‘शाळा’त बोध नाही. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंद दहावीच्या तोंडावर उभा राहतो. पुढे त्याचं भलं झालं की वाईट, हे लेखक सांगत नाही. पंधरा-सोळाच्या वाचकाला एवढ्या विश्वासाने वागवणारी पुस्तकं मराठीत कमी आहेत. पुरस्कार या विश्वासाला द्यायचा असतो.

मुख्याध्यापक सर, आता एक विनंती. दरवर्षी या शाळेने कुमारवयीन मुलांवरच्या एका मराठी कादंबरीला पुरस्कार द्यावा. परीक्षक नववीचे विद्यार्थी असावेत, शिक्षकांनी फक्त पुस्तकं आणून द्यावीत. निकालासोबत मुलांनी आपली कारणं लिहून फळ्यावर लावावीत. ‘कंटाळा आला’ हेही कारण चालेल. पहिल्या वर्षाची पुस्तकं आणि बक्षिसाची रक्कम माझ्याकडून.

आता नाटक सुरू करा.