दार बंद नव्हतं

(बारामतीत तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून.)



मी डॉक्टर नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. दहावीनंतर बायोलॉजी सुटली तेव्हा सुटले एकदाची असं वाटलं होतं. आज शरीरातल्या पेशीवर बोलायला उभी आहे, कारण तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं मला हा विषय पुन्हा शिकायला लावला.

तो तेव्हा अकरा महिन्यांचा. इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीजवळ आमची वस्ती आहे. मे महिन्यात आपा सुट्टीला आली होती. पोराला रात्रीपासून जुलाब आणि उलट्या. दादीनं सांगून टाकलं, "पाणी देऊ नका, पाणी दिलं की आणखी वाहतं." मी शिकलेली, म्हणून सकाळी शहाणपणा केला. मेडिकलमधून ओआरएस असं ठळक लिहिलेला सफरचंदाच्या चवीचा खोका आणला आणि चमच्यानं पाजत राहिले. दुपारपर्यंत जुलाब वाढले. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायला लागली. आशाताई आली, खोका बघितला आणि म्हणाली, "अगं ताई, हे सरबत आहे." तिनं पाकीट दिलं, लिटरभर पाण्यात कालवायला लावलं, झिंकच्या गोळ्या दिल्या आणि आम्हाला लगेच दवाखान्यात पिटाळलं. पोर वाचलं. आता ते शाळेत जायच्या तयारीत आहे आणि माझा लॅपटॉप फोडायच्याही.

मला झोप लागेना. दोन्ही पाणी गोड. एकानं पोर खालावलं, दुसऱ्यानं सावरलं. फरक कुठे पडला?

फरक पडतो पेशीच्या पटलावर. हे पटल म्हणजे स्निग्ध पदार्थाचा दुहेरी थर, जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. रश्श्यावरची तर्री आठवा. मीठ खालच्या पाण्यात विरघळतं, तर्रीत नाही. तसंच मीठ आणि साखर या तेलकट थरातून आपोआप आत जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. ही दारं पेशी स्वतः बनवते. रायबोसोमवर प्रथिन तयार होतं, आंतर्द्रव्यजालिकेत त्याची घडी बसते, गॉल्जी पिंडातून ते पाकीटबंद होऊन पटलापर्यंत पोहोचतं. नववीत आपण ही नावं आकृतीला जोडायला पाठ केली. कुणी सांगितलं नाही, की हे आपल्या आतड्यात आत्ता, या मिनिटाला चालू आहे.

आतड्याच्या पेशीला दोन बाजू असतात. एक अन्नाकडे, दुसरी रक्ताकडे. रक्ताकडच्या बाजूला एक पंप सतत चालतो. दर फेरीला सोडियमचे 3 कण पेशीबाहेर काढतो आणि पोटॅशियमचे 2 आत घेतो. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 मध्ये दाखवून दिला, त्यासाठी 1997 चं नोबेल मिळालं. पंपाला ऊर्जा हवी, ती मायटोकॉन्ड्रिया पुरवतात. म्हणजे विहिरीवरची मोटर आणि तिची वीज, दोन्ही पेशीच्या आतच. पंपामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं, त्यामुळे अन्नाकडच्या बाजूचं सोडियम आत यायला टपलेलं असतं.

त्या बाजूला एक विचित्र दार आहे. ते एकट्या सोडियमला घेत नाही आणि एकट्या ग्लुकोजलाही घेत नाही. सोडियमचे 2 कण आणि ग्लुकोजचा 1 असे जोडीनं आले की ते उघडतं. दोघं आत गेले की मागोमाग पाणी जातं. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली.

आता पटकीकडे या. ब्रिटिश काळात पंढरपूरच्या यात्रेला पटकीची केवढी धास्ती असायची, हे जुन्या सरकारी कागदांत जागोजागी सापडतं. तुकोबांची पालखी याच बारामतीतून सणसर, निमगाव, इंदापूर करत जाते. तुमच्यातले कुणी तेव्हा पाणी वाटत असतील तर हे तुमच्याही कामाचं आहे. पटकीचं विष आतड्याच्या पेशीला क्लोराइड बाहेर सोडायचं दार उघडंच ठेवायला लावतं. त्यापाठोपाठ सोडियम आणि पाणी बाहेर वाहतं. पण जोडीचं दार ते विष मोडत नाही. घर लुटलं जातंय, आणि मागचं दार शाबूत आहे! मला तरी यात अल्लाहची मोठी मेहेरबानी दिसते. तुम्ही तिला दुसरं नाव द्या, हरकत नाही.

ढाक्यात 1968 मध्ये डेव्हिड नलिन, रिचर्ड कॅश, रफीकुल इस्लाम आणि सहकाऱ्यांनी पटकीच्या रुग्णांना हे पाणी तोंडानं पाजून सलाईनची गरज खूप कमी करून दाखवली. मग 1971 आलं. बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या, पिंपांत पाणी कालवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. ते 2022 मध्ये गेले, पद्मविभूषण त्यानंतर मिळालं.

मग माझं सरबत का चुकलं? याचं उत्तर आपल्या शिवारात आहे. नीरेच्या कालव्यावर जास्त पाणी देऊन क्षारपड झालेली रानं तुम्ही पाहिली असतील. पायाखाली ओल असते आणि ऊस वाळतो. जमिनीतलं पाणी मुळाच्या आतल्यापेक्षा खारट झालं, की मुळाला ते ओढता येत नाही. आतड्यातही तेच. ओआरएसच्या पाकिटात लिटरला ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम आणि मीठ 2.6 ग्रॅम असतं, शिवाय थोडं पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. मिश्रण रक्तापेक्षा किंचित पातळ, म्हणून पाणी आत जातं. माझ्या खोक्यात साखर याच्या कितीतरी पट होती आणि सोडियम कमी. जोडीला जोडीदार नाही, आणि उरलेली साखर शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते. कोल्ड्रिंकचंही तेच, त्यात लिटरला शंभरेक ग्रॅम साखर असते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी विकत घेताना मागची बाजू वाचा.

पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शिगोशिग नाही, सपाट. अंदाजानं मीठ टाकणं धोक्याचं आहे. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मूल निपचित पडलं, पिईनासं झालं, शौचात रक्त दिसलं तर घरी थांबायचं नाही.

हे सगळं मी दादीला समजावत होते. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "चौसष्ट सालच्या पावसाळ्यात माझी दोन लेकरं हगवणीनं गेली, एका आठवड्यात. पाणी पाणी करत होती. मी दिलं नाही. दिलं असतं तर?"

आमच्या घरात ही गोष्ट कुणी बोलत नसे. मला दोघांची नावंही माहीत नव्हती, त्या दिवशी कळली.

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "दादी, थोडा उपयोग झाला असता. पण नुसत्या पाण्यानं भागलं नसतं, मीठ-साखरेचं मोजमाप हवं होतं, आणि ते चौसष्ट साली बहुतेक डॉक्टरांकडेही तयार नव्हतं. ढाक्याचं काम त्यानंतर चार वर्षांनी झालं. तुला जे सांगितलं गेलं तेच तू केलंस." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते पाकीट आण बघू." चष्मा लावून उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नाही.

तिच्या पानाच्या डब्यात आता चुन्याच्या डबीशेजारी दोन पाकिटं असतात. वस्तीवर कुणाचं लेकरू आजारी पडलं की आधी तिच्याकडे येतात, आणि ती चमचा सपाट करून दाखवते.

मी पाकिटं आणली आहेत, पुढच्या रांगेपासून फिरवते. एकेक घ्या, मागची तारीख बघून घ्या.